वसुधाकाकूंची पाच मिनिटं

वसुधाकाकूंना पहिल्या विचारण्याला 'हो' म्हणता येत नाही. चहा टाकू का म्हटलं की, "नको गं, आत्ताच झाला." मग आपण म्हणायचं, "अर्धा कप?" मग त्या म्हणणार, "बरं, पण अगदी अर्धाच हं." आणि मग भरलेला कप पिऊन वर साखर मागून घेणार. न्यू जर्सीत चव्वेचाळीस वर्षं काढली, औषधांच्या कंपनीत एकतीस वर्षं केमिस्ट म्हणून नोकरी केली, हाताखालच्या गोऱ्या पोरांना वठणीवर आणलं, पण ही खोड काही सुटली नाही. मी त्यावरून त्यांची भरपूर टिंगल करायचे. गेल्या ऑक्टोबरपासून ती बंद केली आहे, आणि त्याचं कारण सांगायचं तर मला माझ्याबद्दलही थोडं वाईट बोलावं लागेल.

मी त्यांची शेजारीण. वेस्ट विंडसरपासून पंधरा मिनिटांवर आमचं गाव आहे. काकूंना सूर्य मावळला की गाडी चालवायला नको वाटतं, म्हणून संध्याकाळची त्यांची ड्रायव्हर मी. मोरेश्वरकाका जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर काकू दर मंगळवारी गावच्या लायब्ररीच्या तळघरात जुनी कागदपत्रं लावायला जाऊ लागल्या. तिथं गावाचा इतिहास जपणारी एक मंडळी आहे, सगळी सत्तरीच्या पुढची. "वेळ जातो गं," असं त्या म्हणायच्या. पण वेळ घालवायला म्हणून गेलेली बाई दुपारचा डबा खायला विसरत नाही, आणि काकू दर मंगळवारी विसरायच्या.

त्यात रूथबाईंचं प्रकरण आलं. काकू नव्यानं या देशात आल्या तेव्हा रूथ त्यांच्या समोरच्या घरात राहायच्या. बर्फात गाडी कशी चालवायची, टॅक्सचा फॉर्म कसा भरायचा, मूल तापलं तर कुठल्या डॉक्टरकडे न्यायचं, सगळं त्यांनीच शिकवलं. आता त्या सत्त्याण्णव वर्षांच्या आहेत आणि वृद्धांच्या निवासात राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांनी काकूंना एक वही आणि एक फोटो दिला. वही त्यांच्या आईची, हॅटी कोनोव्हरची. हॅटी १९१३ साली आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये मुलींच्या बास्केटबॉल संघाची कॅप्टन होती. फोटोत सहा मुली, गुडघ्यापर्यंत काळे मोजे, फुगीर विजारी, मधल्या मुलीच्या मांडीवर चेंडू. एकीच्याही चेहऱ्यावर हसू नाही.

ती वही मी पाहिली आहे. पेन्सिलीनं लिहिलेले सामने, कोणी किती गुण केले, कोण पडलं, कोणाचा गुडघा फुटला. तेव्हा मुलींसाठी मैदानाचे तीन भाग आखलेले असायचे आणि आपली रेघ ओलांडून पलीकडे पाऊल टाकायची परवानगी नसायची. फार पळू नये म्हणून! सामना बघायला पुरुषांना मज्जाव. हेडमास्तर आणि झाडूवाला सोडले तर आत सगळ्या बायकाच. आणि मुलींची नावं पेपरात छापून येऊ नयेत असा हेडमास्तरांचा आदेश. चांगल्या घरच्या मुलींची नावं चारचौघांत कशाला, म्हणून. वहीत अशा तेवीस सामन्यांची नोंद आहे. त्यातले सतरा त्या जिंकल्या होत्या. १९१६ साली शाळेनं मुलींचे सामनेच बंद केले आणि वही तिथंच थांबते.

काकूंना हे वाचून जे झालं ते मी समजू शकते. त्या अकोल्याला शाळेत रिंग टेनिस खेळायच्या. जिल्ह्यात पहिल्या आल्या. पुढचा सामना अमरावतीला, एक रात्र मुक्काम. वडील म्हणाले, मुलीच्या जातीला हे शोभत नाही. विषय संपला. "मी काही बोललेच नाही गं तेव्हा," एवढंच काकूंनी मला त्याबद्दल सांगितलं, आणि तेही एकदाच.

तर आता शाळेनं नवं जिम बांधलं आणि त्याच्या दारात एक मानाची भिंत उभारायचं ठरवलं. जुन्या संघांचे फोटो, खाली नावं, पितळी पट्टीवर. मुलांचे संघ १९०९ पासून. मुलींचे १९७४ पासून, कारण मुलींना शाळेत बरोबरीची संधी देणारा कायदा आल्यानंतर शाळेला मुली दिसायला लागल्या. रूथबाईंची एकच इच्छा होती, आईचं नाव त्या भिंतीवर लागलेलं बघायचं. बाकी मागणं काही नाही. काकूंनी शब्द दिला.

अर्ज भरला. भिंतीच्या कमिटीचं उत्तर आलं: संघ होता याला त्या काळच्या वर्तमानपत्रातला छापील पुरावा जोडावा. खाजगी वही चालणार नाही. काकूंनी कळवलं की शाळेनंच नावं छापू दिली नव्हती, तर पुरावा कुठून आणू? त्याला उत्तर आलं की आपली अडचण आम्ही समजतो, परंतु नियम सर्वांना सारखा आहे. मी तर संतापले. एक तर तुम्हीच दार लावायचं आणि मग विचारायचं की तुम्ही आत आल्याची पावती कुठंय?

पण काकू शांत होत्या. जनगणनेतून, चर्चच्या नोंदींतून त्यांनी सहाही मुलींची पूर्ण नावं शोधून काढली. त्यात अकरा महिने गेले. लग्नानंतर नाव बदललेल्या बायका कशा हुडकायच्या हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नाही. माहेरापासून सुरुवात करायची. मग कमिटीनं कळवलं की ऑक्टोबरच्या मीटिंगला या, अंतिम निर्णय तिथं होईल. काकूंनी पाच मिनिटांचं भाषण लिहिलं. माझ्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हचा टायमर लावून म्हणून दाखवलं. चार मिनिटं चाळीस सेकंद. शेवटी सहा नावं. मी पोळ्या लाटत ऐकत होते आणि एक पोळी करपली.

मीटिंग संध्याकाळी सात वाजता शाळेच्या कॅफेटेरियात होती. टेबलाशी पाच जण. चेअरमन म्हणजे शाळेचा निवृत्त फुटबॉल कोच, तांबडा चेहरा, बोलायला अगदी गोड माणूस. आमचा नंबर चौथा होता. त्यानं फाइल चाळली, काकूंकडे बघून हसला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही केवढी मेहनत घेतलीय! तुम्हाला पाच मिनिटं बोलायला आवडेल का?"

काकूंचा हात पर्समध्ये गेलेला होता. भाषणाचे कागद बोटांत आलेसुद्धा होते, मी शेजारून बघत होते. आणि त्या म्हणाल्या, "नो, नो. इट्स ओके. इट्स ऑल इन द फाइल."

त्यानं मान डोलावली. "थँक यू, मॅडम."

बस. आपल्याकडे असता तर म्हणाला असता, छे छे, असं कसं, बोला की. कोणीतरी खुर्ची पुढं सरकवली असती. काकू उभ्या राहिल्या असत्या आणि चार मिनिटं चाळीस सेकंद त्या कॅफेटेरियात कोणी हूं की चूं केलं नसतं. पण तो कोच बिचारा सरळ माणूस. नको म्हणाल्या, म्हणजे नको.

मग त्यानं विचारलं, "बाकी कोणाला काही बोलायचंय?" आणि माझ्याकडेच बघितलं.

इथं माझी गोष्ट येते. मला सगळं पाठ होतं. पण आम्ही अकरा वर्षं व्हिसावर राहतोय. सरकारी जागेत, मीटिंगमध्ये, माइकसमोर आपण तोंड उघडायचं नसतं हे आमच्या हाडीमाशी मुरलंय. कोणी सांगितलेलं नाही, कुठं लिहिलेलं नाही, तरी मुरलंय. मी माझ्या चपलांकडे बघत बसले. पाच जणांनी हात वर केले. पुरावा अपुरा, पुढच्या फेरीत विचार करू. पुढची फेरी पाच वर्षांनी. मग ते स्कोअरबोर्डवरच्या जाहिरातींकडे वळले.

परतताना सिग्नलला थांबलो तेव्हा काकू म्हणाल्या, "अगं अंतरा, मला वाटलं तो पुन्हा विचारेल."

दुसऱ्या दिवशी मी चेअरमनला लांबलचक ईमेल लिहिली. ईमेल लिहायला मी शूर आहे. त्याचं उत्तर आलं, फार सभ्य: निर्णय झालेला आहे, पुढच्या वेळी जरूर यावं.

शनिवारी आम्ही रूथबाईंकडे गेलो. त्या खिडकीशी बसल्या होत्या, केस नीट विंचरलेले, ओठांना लिपस्टिक. बातमी ऐकायला नटून बसल्या होत्या म्हणा ना. काकूंनी काही आडपडदा ठेवला नाही. कमिटी नाही म्हणाली, आता पाच वर्षांनी. रूथबाईंनी मान हलवली. त्या ते धरूनच चालल्या होत्या असं वाटलं. मग म्हणाल्या, "पण तू त्यांना सांगितलंस ना? काय म्हणाले ते ऐकून?"

"त्यांनी मला बोलायला सांगितलं होतं, रूथ. मी नको म्हटलं."

"का?"

काकूंनी माझ्याकडे बघितलं. "सांग ना गं हिला. आपल्यात कसं असतं ते." मी दोनदा सुरुवात केली. आमच्याकडे पाहुण्याला एकदा विचारून भागत नाही, मी म्हटलं, दोनदा, तीनदा विचारायचं असतं. इंग्रजीत ते इतकं बावळट वाटलं की मी मध्येच थांबले. रूथबाई समजून घ्यायचा प्रयत्न करत होत्या, पण त्यांना नाही कळलं. कसं कळणार? मला त्या खोलीतून पळून जावंसं वाटत होतं.

मग रूथबाई म्हणाल्या, "बरं, मग मला सांग. त्यांना जे सांगणार होतीस ते."

या वेळी काकू नको म्हणाल्या नाहीत. पर्समधून कागद काढले आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. सरळ, दोन्ही पाय जुळवून, शाळेतल्या मुलीसारख्या. आवाज सुरुवातीला कापरा होता, मग लागला. तीन भागांत आखलेलं मैदान सांगितलं, लावून घेतलेली दारं सांगितली, सतरा विजय सांगितले. रूथबाई डोळे मिटून ऐकत होत्या, ओठांवर हसू. शेवटी नावं आली. हॅटीनं वहीत ज्या क्रमानं लिहिली होती त्याच क्रमानं काकूंनी घेतली, आणि हॅटीनं स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी लिहिलं होतं.

दुसऱ्या नावाला रूथबाईंची हनुवटी छातीवर टेकली. तिसऱ्याला त्या घोरायला लागल्या, अगदी हळू. काकूंना वाचायच्या चष्म्यातून फक्त कागद दिसत होता. मी उठून काकूंचा हात धरायला हवा होता, किंवा रूथबाईंच्या खांद्याला हलवायला हवं होतं. मी यातलं काहीच केलं नाही. काकू चौथं नाव बोलल्या, पाचवं बोलल्या, आणि मग मोठ्यानं, स्पष्ट, "हॅटी कोनोव्हर, कॅप्टन."

कागद घडी घालून त्यांनी वर बघितलं. मग खुर्चीवर बसल्या आणि मला मराठीत विचारलं, "कुठपर्यंत ऐकलं गं तिनं?"

"सगळं ऐकलं," मी म्हटलं.

काकूंनी रूथबाईंच्या गुडघ्यांवरून घसरलेली शाल वर ओढून दिली. त्यांनी मला पुन्हा विचारलं नाही.