व्हर्नलचा पलंग

माझा भाऊ व्हर्नल निरफणसाच्या झाडावरसुद्धा चढायचा नाही. उंचावर त्याचे पाय लटपटायचे. तोच विमानदलात नाव घालून आला, तेव्हा आई पोट धरून हसली.

"अरे, खाली उभा राहून फणस झेलणारा तू! तुला आकाशात कोण नेतंय?"

"झाडावर चढावं लागतं आई. विमानात नुसतं बसायचं असतं."

व्हर्नल सुतार होता आणि ताडमाड उंच. कुठल्याच पलंगात मावेना, म्हणून त्याने स्वतःसाठी महोगनीचा लांबलचक पलंग केला आणि खिडकीखाली टाकला. त्यावर धड वर्षभरही झोपला नाही. जमैकाची बरीच पोरं तेव्हा बोटीने इंग्रजांच्या लढाईला गेली, त्यांच्यात हाही गेला.

मग तार आली. स्कॉटलंडमध्ये विमानातून तोफ चालवायला शिकत असताना, धुक्यात विमान डोंगरावर आदळलं. त्याला तिथेच पुरलं होतं.

"म्हणजे लढाईत नाही, शिकतानाच गेला होय?" दुकानदार म्हणाला. त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं मला. शिकताना गेलेलं पोर काय थोडं कमी मरतं?

आमच्याकडे नवव्या रात्री गाणी म्हणून मेलेल्याला निरोप देतात आणि त्याची खोली फिरवतात. सामान इकडचं तिकडे केलं की आत्म्याला खोली ओळखू येत नाही, तो आपल्या वाटेने जातो. सिलबर्टमामाने पलंगाला हात घातला, तशी आई आडवी आली.

"हात तर लावून बघ! समुद्रापलीकडून यायचंय पोराला. पोचलासुद्धा नसेल अजून."

"ताई, मेलेल्याला घरात ठेवू नये गं."

"तुझ्या घरात ठेवतेय का?"

पलंग तिथेच राहिला. रोज सकाळी आई त्याच्या उशाशी कोकोचा पेला ठेवायची. शेजारच्या बाया कुजबुजायच्या, मामाने तर आमची पायरी चढणंच सोडलं. मी लग्न करून गेले, विधवा होऊन परत आले, तरी पेला चालूच होता.

आई फार थकली, तेव्हा एका दुपारी आपणहून म्हणाली, "उना, पलंग फिरवू या."

"आता? इतक्या वर्षांनी?"

"मी गेले की तुम्ही माझ्यासाठी घर फिरवाल. मी जाईन निघून. मग तो इथे एकटा कुणाच्या तोंडाकडे बघेल? आधी त्याला जाऊ दे."

पलंग भलता जड. आम्ही दोघींनी ढकलत ढकलत तो पलीकडच्या भिंतीला लावला. आई दाराकडे बघून म्हणाली, "जा रे बाळा." मला रडू आवरेना. तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने ती पेला घेऊन गेली आणि दारातच थांबली. मी मागून गेले, तर पेला कलंडला होता, कोको तिच्या झग्यावर सांडत होता.

"उना," ती हुंदके देत म्हणाली, "मलाच ओळखू येईना गं ही खोली."