व्हॅनिलात पुदिना

गोदाम सांभाळणाऱ्या हमीदभाईंच्या किल्ल्या अबू तुर्कींच्या टेबलावर पडल्या होत्या. पाच किल्ल्यांचा जुडगा, प्रत्येकीला वेगळ्या रंगाची टेप. हमीदभाई आत्ताच त्या ठेवून केबिनबाहेर गेले होते. मी समोर बसले होते. टेबलावर किल्ल्यांच्या शेजारी माझा एक पानी रिपोर्ट होता.

"फायनल एक्झिट टाकायला सांगतो," अबू तुर्की म्हणाले. "गुरुवारी पेपर तयार. खलास."

अबू तुर्की आमच्या कंपनीचे मालक. फायनल एक्झिट म्हणजे व्हिसा कायमचा बंद. इथे राहण्याचा परवाना, इकामा, कंपनीशी बांधलेला असतो. कंपनीने तो काढला की बायको, मुलं, शाळा, भाड्याचं घर, सगळंच सुटतं. हमीदभाईंची मुलगी नाझनीन बारावीला होती. माझ्या मुलीच्याच शाळेत, त्याच बसमध्ये.

मी केमिस्ट. नाशिकला मसाल्यांच्या आणि फ्लेवरच्या कारखान्यात अकरा वर्षं काढली. नवऱ्याला रियाधला नोकरी लागली आणि मागोमाग मलाही इथे मिळाली, अल सुलैमधल्या एका गोदामात क्वालिटीची. आम्ही व्हेपचं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटचं, लिक्विड आयात करून दुकानांना पुरवतो. नातेवाइकांना मी "फ्लेवरचं काम" एवढंच सांगते. स्वतः कधी सिगारेटसुद्धा ओढलेली नाही. त्यामुळे माझं काम नाकावर आणि कागदावर चालतं. ओढून बघायला सेल्समधली दोन मुलं असतात. त्यातला मुख्य हैदराबादचा इम्रान.

भानगड सुरू झाली रियाधच्या ओलाया भागातल्या एका दुकानापासून. तिथे ऑफिसातली मंडळी येतात, काउंटरवर चव घेतात आणि मग बाटली घेतात. दुकानाच्या मॅनेजरचा, नासेरचा फोन आला. "तुमच्या व्हॅनिला कस्टर्डला पुदिन्याची चव येते. लोक चव घेऊन बाटली परत ठेवतात. माल नकली आहे का?" त्याने काउंटरवरच्या तीन फोडलेल्या बाटल्या परत पाठवल्या.

अरबीत पुदिन्याला 'नाना' म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमचे काका आठवले होते. त्या आठवड्यात मात्र तो शब्द फक्त तक्रारींतच ऐकू येत होता.

मी कागदाच्या पट्टीवर एक थेंब घेऊन वास घेतला. व्हॅनिला, दूध, थोडी जळकी साखर. पुदिना नाही. मग बाटली इम्रानला दिली.

"फुल पुदिना है मॅडम," तो म्हणाला. दुसऱ्या मुलानेही मान डोलावली.

थंड कागदावर न येणारा वास गरम वाफेत येऊ शकतो, हे मला माहीत होतं. म्हणून मी माझ्या नाकापेक्षा त्यांच्या जिभेवर विश्वास ठेवला. मग गोदामातून त्याच बॅचच्या सहा सीलबंद बाटल्या काढल्या. त्यांतही पुदिना. इम्रानने क्रमाने लिहून दिलं: पहिल्या दोनमध्ये खूप, मधल्या दोनमध्ये मध्यम, शेवटच्या दोनमध्ये हलका. सगळ्या बाटल्यांत सारखं प्रमाण असतं तर कारखान्याची चूक म्हटली असती. इथे प्रत्येक बाटलीत वेगळं होतं. म्हणजे कोणीतरी हाताने, एकेक बाटली उघडून, भेसळ केली असणार.

आणि गोदामाच्या किल्ल्या एकाच माणसाकडे होत्या.

एकदा संशय आला की माणसाची प्रत्येक गोष्ट खटकायला लागते. हमीदभाई सगळ्यांच्या आधी येतात. का? दुपारी दार आतून लावून घेतात. का? एरवी मला माहीत होतं की ते नमाजासाठी आणि मग वीस मिनिटं पाठ टेकायला. त्या आठवड्यात मला हे आठवलंच नाही. ते जेवायला गेले असताना मी त्यांचा ड्रॉवर उघडला. आत झाकणावर चढवायच्या प्लास्टिकच्या आवरणांचं एक पाकीट होतं. ही आवरणं बाटलीवर घालून गरम हवेच्या गनने तापवली की आक्रसून घट्ट बसतात. तेच आमचं सील. गनसुद्धा तिथेच होती.

मी फोटो काढले. बाहेर येताना ते दारात भेटले.

"मॅडम, कुछ गलती हुआ क्या?" हमीदभाई कोळिकोडचे, त्यांचं हिंदी तसंच आहे.

"नहीं, कुछ नहीं," मी म्हणाले.

रविवारी, आमच्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, मी रिपोर्ट दिला. 'चोर' हा शब्द मी लिहिला नव्हता. पण फोटो जोडले होते, आणि ते पुरेसे होते. त्याच दिवशी किल्ल्या अबू तुर्कींच्या टेबलावर आल्या.

त्या संध्याकाळी मुलीने विचारलं, "आई, इज नाझनीन दीदी लीव्हिंग? बसमध्ये रडत होती."

"तुला कोणी सांगितलं?"

"एव्हरीबडी नोज."

मी भाजीला फोडणी देत होते. मोहरी जळली.

आता अबू तुर्कींना सगळ्याच मालाचा संशय येऊ लागला होता. "फक्त व्हॅनिला नाही. जे जे त्याच्या हाताखालून गेलं ते सगळं तपास. आणि तुलनेला आपल्या जेद्दाच्या गोदामातून माल मागव. तो त्याने बघितलेलासुद्धा नाही."

सोमवारी जेद्दाहून आंब्याच्या फ्लेवरचा खोका आला. पॅकिंग तिथलंच, सील तिथलंच. मी स्वतः फोडला. इम्रानने दोन झुरके घेतले आणि माझ्याकडे बघितलं.

"मॅडम... इसमें भी पुदिना है."

जेद्दाच्या गोदामाला काही हमीदभाईंनी तिकडे जाऊन हात लावला नव्हता. मी इम्रानच्या हाताकडे बघितलं.

"हे उपकरण कुठलं?"

"वोइच, ऑफिसवाला."

"यात याआधी काय होतं?"

"पुदिना. नया मिंट लाँच हुआ ना मॅडम. रोज दुकानों में लेके जा रहा हूँ, सबकू चखा रहा हूँ."

"व्हॅनिला तपासला तेव्हाही?"

"हौ. पन साफ करके. नल के नीचे धोया, टिश्यू से पोछा."

मी खुर्चीत बसले. मग उठले आणि त्याच्या हातातून ते काढून घेतलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. व्हेपच्या उपकरणात एक छोटी टाकी असते. टाकीच्या तळाशी कॉइल, म्हणजे धातूची बारीक तार आणि तिच्याभोवती कापूस. कापूस लिक्विड पितो, तार तापते, वाफ होते. टाकी धुतली की आपल्याला वाटतं सगळं गेलं. पण कापसाने जे प्यायलंय ते नळाखाली धरून जात नाही. पुदिना, दालचिनी, बडीशेप यांची चव तर फार चिवट. व्हॅनिलासारखा सौम्य फ्लेवर वरून घातला की आधी जुनाच बोलतो. झुरके घेत गेलं की हळूहळू कमी होतो.

हळूहळू कमी होतो. मी इम्रानचा कागद पुन्हा काढला. खूप, खूप, मध्यम, मध्यम, हलका, हलका. ते भेसळीचं प्रमाण नव्हतं. बाटल्या तपासल्याचा क्रम होता. आणि त्यावरून मी एका माणसाच्या हाताने भेसळ झाल्याचं ठरवलं होतं.

पण आता मला स्वतःवरही विश्वास नव्हता. एक अंदाज चुकला होता, दुसराही चुकू शकत होता. लिक्विडमध्ये फ्लेवर घालण्याआधी जे मिश्रण असतं, ग्लिसरीन वगैरे, त्याला चव जवळजवळ नसते. त्याची एक बाटली माझ्याकडे होती. ती मी इम्रानला न सांगता त्याच उपकरणात भरून दिली.

"पुदिना," तो म्हणाला. "हलका है, पन है."

त्या बाटलीत काहीच नव्हतं.

मंगळवारचा अख्खा दिवस मी त्या उपकरणाशी झगडले. कॉइल काढून कोमट पाण्यात बुडवून ठेवली, पाणी तीनदा बदललं, कापूस वाळू दिला. ओल्या कापसावर तार तापवली तर चव आणखी बिघडते. वाळल्यावर बिनचवीचं लिक्विड भरून इम्रानला झुरके घ्यायला लावले. पुदिना कमी झाला, गेला नाही. मग वैतागून कोरी करकरीत कॉइल बसवली.

"अब?"

"थोडा सा है मॅडम. सच्ची."

मला वाटलं हा आता सवयीने बोलतोय. मी टाकी पूर्ण उघडली आणि एकेक भाग नाकाशी नेला. काच स्वच्छ. धातू स्वच्छ. टाकीच्या सांध्यांत रबराच्या बारीक रिंगा असतात, गळती थांबवायला. त्यांना वास येत होता, सरळ पुदिन्याच्या गोळ्यांसारखा. माझ्या नाकालासुद्धा. कॉइल बदलणाऱ्यांचं लक्ष या रिंगांकडे जात नाही. मी त्या फेकल्या, नव्या घातल्या, टाकी आणि तोंडाचा भाग साबणाच्या गरम पाण्याने धुऊन वाळवला. पुन्हा नवी कॉइल. मग व्हॅनिला.

इम्रानने डोळे मिटून झुरका घेतला. "कस्टर्ड," तो म्हणाला. "खाली कस्टर्ड."

मग सहाच्या सहा बाटल्या, नासेरच्या तीन आणि जेद्दाचा आंबा. प्रत्येक वेळी कोरी कॉइल, कोऱ्या रिंगा. आंबा आंब्यासारखा होता. बाकी सगळं कस्टर्ड.

बुधवारी सकाळी मी टॅक्सीने ओलायाला गेले. नासेर काउंटरवरचं चाखायचं उपकरण मला दाखवायलाच तयार नव्हता. "आम्ही रोज साफ करतो. माल तुमचा खराब आणि आता दोष आमचा?" मी माझी बिनचवीची बाटली पुढे केली. "यात चव नाही. ओढून बघा." त्याने बाटलीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वास घेतला. मग ते काउंटरवरच्याच उपकरणात भरून ओढलं. ड्रॉवरमधून नव्या कॉइलचं पाकीट काढून फोडायला लागला.

मी ऑफिसात येऊन सगळं सांगितलं, पण अबू तुर्की एवढ्यावर ऐकणाऱ्यांतले नव्हते.

"रविवारी तूच म्हणालीस भेसळ आहे," ते म्हणाले. "आज म्हणतेस नाही. मधल्या तीन दिवसांत काय झालं? त्याने तुला काही सांगितलं? तुम्ही दोघं इंडियन."

आता ते माझ्याकडे तसंच बघत होते जसं मी हमीदभाईंच्या ड्रॉवरकडे बघितलं होतं. मी वाद घातला नाही. ते कायम पुदिनाच ओढतात हे सगळ्या ऑफिसला माहीत आहे. त्यांचं उपकरण टेबलावरच होतं. टाकी रिकामी करून मी बिनचवीचं लिक्विड भरलं आणि बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"ग्लिसरीनचं मिश्रण. फ्लेवर नाही."

त्यांनी ओढलं. भुवया वर गेल्या. पुन्हा ओढलं. "नाना," ते म्हणाले. मग बाटली उचलून लेबल वाचलं, बुडाशी बघितलं, झाकणाचा वास घेतला.

"आणि ती सीलची आवरणं?" त्यांनी शेवटी विचारलं.

ते मी कोणाला विचारलंच नव्हतं. हमीदभाईंना बोलावलं. त्यांनी कपाटातली एक जुनी फाइल आणली. आधीच्या मॅनेजरचा सहीनिशी आदेश: जहाजाच्या प्रवासात आवरण फाटलं असेल तर बाटली न उघडता नवं चढवावं आणि वहीत नोंद करावी. वहीत नोंदी होत्या. प्रत्येक बाटलीच्या नंबरासकट.

अबू तुर्कींनी किल्ल्या उचलून त्यांच्यापुढे धरल्या. "यल्ला, काम कर," एवढंच म्हणाले. त्यांच्या बाजूने ती माफी होती.

हमीदभाईंनी किल्ल्या घेतल्या नाहीत. "सर, अब दो आदमी का साइन चाहिए. मैं अकेला नहीं खोलेगा." तसा नियम झाला. आजही दोन सह्यांशिवाय गोदाम उघडत नाही.

मी त्यांच्या मागोमाग बाहेर गेले. "सॉरी हमीदभाई. ड्रॉवर मैंने खोला था."

"मालूम है," ते म्हणाले. "पाकीट उल्टा रखा था आपने." मग वळून म्हणाले, "मॅडम, आपने इतना मशीन चेक किया, कॉइल चेक किया, रबर चेक किया. मेरे को एक बार पूछना था."

ट्रक आला होता, ते माल उतरवून घ्यायला गेले.

नाझनीनची परीक्षा झाली आणि उन्हाळ्यात हमीदभाईंनी स्वतःच राजीनामा दिला. दमामला दुसरी नोकरी मिळाली. इथे काम नको होतं की माझ्यासोबत नको होतं, हे मी विचारलं नाही. आमच्या मुलींचं अजून फोनवर बोलणं असतं. माझं नाही.

तपासणीचा फॉर्म मी नव्याने केला. प्रत्येक फ्लेवरला वेगळं उपकरण. वर पहिला रकाना: 'आधी यात काय होतं?' दुसरा: 'बिनचवीच्या लिक्विडला काय चव आली?' तिसरा रकाना मी माझ्या मनाने घातला: 'ज्याच्यावर संशय आहे त्याला विचारलं का? तो काय म्हणाला?' अबू तुर्कींनी तो वाचून म्हटलं, याचा क्वालिटीशी काय संबंध, काढून टाक. मी हो म्हणाले. काढला मात्र नाही. गेल्या आठवड्यात एका नव्या तक्रारीच्या वेळी इम्रानने तो पहिल्यांदाच भरला. लिहिलं होतं: 'विचारलं. त्याला काही माहीत नाही.' मी खाली सही केली आणि उपकरण तपासायला घेतलं.