जुनेपाने मास्तर

मास्तर चहाला येणार म्हटलं, की आमच्या गल्लीतल्या बायका आधी अडकित्ते लपवायच्या. गल्लीच्या टोकाला एका सरदाराची दगडी हवेली होती. तिच्यात नगर शहराचं संग्रहालय होतं आणि शाळेतून निवृत्त झालेले मास्तर ते सांभाळायचे. चहा पिता पिता त्यांची नजर फडताळावर जायची. "वहिनी, तो पानाचा डबा नुसता पडलाय. देऊन टाका, चार लोक बघतील तरी." सगळे त्यांना जुनेपाने मास्तर म्हणत आणि त्यांना त्याचं काहीच वाटत नसे.

मी शिक्षिका, दरवर्षी मुलींचा वर्ग घेऊन हवेलीत जायची. तलवारी आणि निजामशाहीची नाणी मास्तर भराभर उरकायचे. त्यांचा जीव पाळणे, रांजण, खलबत्ते यांत. "हा नालेगावातल्या चंद्राबाईंचा खलबत्ता," असं ते म्हणाले, की चंद्राबाई आतल्या खोलीतून पदर खोचून येतील असं वाटायचं. मात्र एकदा घेतलेली वस्तू ते परत देत नसत. कुणी मागायला आलंच, तर "आता ती गावाची झाली" म्हणून मोकळे. त्यांच्या या हट्टाचा मला रागही यायचा.

बहात्तरच्या दुष्काळात खेड्यातली माणसं घरं बंद करून खडी फोडायला निघाली. घरात तांब्यापितळेची भांडी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून ती मोडीत घालायला नगरच्या बाजारात आणत. मास्तरांना ते बघवेना. ते रोज भांड्यांच्या दुकानांपाशी उभे राहू लागले. "मोडीत घालू नका. माझ्याकडे ठेवा, पाऊसपाणी झालं की घेऊन जा." बघता बघता हवेलीत तोफगोळ्यांच्या शेजारी हंडे आणि पराती येऊन बसल्या.

पाथर्डीकडच्या सखूबाईंनी एक घंगाळ आणलं. मोठंथोरलं, कड्यांवर मोर. "माज्या आईचं हाय. थोरलीच्या हळदीला यातच पानी काढायचं हुतं," त्या म्हणाल्या. मास्तर त्या मोरांवरून बोट फिरवतच राहिले. तसं घंगाळ त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. हवेलीत शिरल्या शिरल्या दिसेल अशा जागी त्यांनी ते मांडलं. हे काही आता परत जात नाही, असं सगळी गल्ली म्हणू लागली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माणसं येऊन आपापली भांडी घेऊन गेली. सखूबाई आल्या नाहीत. "खोटं कशाला बोलू बाई," मास्तर मला म्हणाले, "त्या न आल्या तर बरं, असं वाटतं."

दिवाळीनंतर मी वर्ग घेऊन गेले होते, तेव्हा सखूबाई आल्या. थोरलीचं लग्न ठरलं होतं. घंगाळापुढे माझ्या मुलींची गर्दी बघून त्या दाराशीच थांबल्या.

"मास्तर, तुमचा लई जीव दिसतोय यात. ऱ्हाऊ द्या इथंच."

"मग थोरलीची हळद कशात?"

"बादलीत."

मास्तरांनी पुन्हा एकदा त्या मोरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "बादलीत नको." आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी घंगाळ खाली उतरवलं. एसटीच्या टपावर टाकलं तर चेपेल, म्हणून ते मांडीवर घेऊन सखूबाईंबरोबर थेट पाथर्डीकडे गेले.

हळद उरकूनच परतले. डोक्यावर नवी पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. तिकडच्यांनी आहेर केला होता. नवरीच्या मामाच्या मानाने बसवलं मला, असं ते गल्लीभर सांगत होते. घंगाळाची जागा रिकामी दिसली की मात्र त्यांचा चेहरा उतरायचा. मला त्या दिवसांत ते फार आवडू लागले.

टोपी त्यांनी रोज घातली. कडा विरल्या, तरी घातली. एकदा मी चेष्टेनं म्हटलं, "मास्तर, आता ही काचेच्या कपाटात ठेवा." त्यांनी दोन्ही हातांनी टोपी नीट बसवली. "ही माझी आहे, बाई. गावाची नाही."

मास्तर गेले तेव्हा त्यांच्या मुलानं ती त्यांच्या डोक्यावरच राहू दिली.