उत्तमसिंगाची शिट्टी

१९५६ साली महागावजवळच्या तांड्यावरून उत्तमसिंग यवतमाळच्या कॉलेजात आला. माझे यजमान तिथे इतिहास शिकवत आणि कुस्तीच्या संघाचेही पाहत. चार वर्षांत उत्तमसिंगाची पाठ कुणी मातीला लावली नाही. पुढे तो कळंबच्या एका शाळेत व्यायामशिक्षक झाला. पण दर हिवाळ्यात माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला यायचा आणि तिथल्या कुस्त्यांना पंच म्हणून उभा राहायचा.

१९६३ साली शेवटची कुस्ती आमच्या कॉलेजचा एक मुलगा आणि दुसऱ्या कॉलेजातला राजूरचा धावजी यांच्यात लागली. धावजीचे वडील कोळशाच्या खाणीत होते. जिंकणारा विद्यापीठाच्या संघात जाणार होता. धावजी खाली आला, पण त्याचा एक खांदा मातीला टेकला नव्हता. तरी उत्तमसिंगाने तो चीत झाल्याची शिट्टी फुंकली. आमच्या पोरांनी एकच गिल्ला केला.

धावजी मातीतच बसून राहिला. "गुरुजी, खांदा टेकला काय? तुमीच सांगा."

उत्तमसिंग दुसरीकडे पाहू लागला.

चहाला माजी विद्यार्थी आमच्याकडे जमले. एकाने उत्तमसिंगाच्या पाठीवर थाप मारली. "पंच आपला, माती आपली, मंग ढाल कोनाची?" सगळे हसले.

उत्तमसिंग हसला नाही. "सर, मले दिसलं होतं. खांदा वर होता."

"आता राहू दे," यजमान म्हणाले. "बक्षीस वाटून झालं."

महिन्याभराने तो राजूरला गेला. धावजीने कॉलेज सोडून खाणीत काम धरले होते. उत्तमसिंग माफी मागू लागला, तशी धावजीची आई म्हणाली, "इथं घरात येऊन काहून सांगून राह्यले, गुरुजी? शिट्टी त चारचौघांत वाजवली न तुमी?"

पुढच्या मेळाव्यात कॉलेजचा जुना मल्ल म्हणून उत्तमसिंगाचा सत्कार होता. फेटा बांधून झाल्यावर तो माइकपाशी गेला. "मागच्या साली धावजी चीत झाला नव्हता. कॉलेजसाठी मी खोटी शिट्टी वाजवली."

"अबे, उतर खाली!" मागून कुणीतरी ओरडले. "आपलीच इज्जत घालवून राह्यला!"

ढालीवरचे नाव बदलले नाही. विद्यापीठाचा संघ केव्हाच खेळून आला होता.

मला वाटले, आता तो यायचा नाही. पण तो येत राहिला. मेळाव्याच्या आधी येऊन पोरांबरोबर आखाड्याची माती खणायचा, ताक-तेल घालून मळायचा. नवी मुले आग्रह करत, "दादा, पंच व्हा ना!" तो नाही म्हणायचा आणि का नाही, तेही धावजीचे नाव घेऊन पहिल्यापासून सांगायचा. सांगताना त्याची मान खाली असायची.