राखण गेलेलं शेत

तुमसरला एसटीतून उतरलो तेव्हा डोक्यात एकच गोष्ट होती: तुळशीरामला त्याचं शेत परत घ्यायला लावायचं. आंबागडच्या अलीकडे, जंगलाला लागून असलेलं हे शेत मी दिवसभर घासाघीस करून त्याच्याकडून घेतलं होतं. हातगाडीपासून सुरुवात करून मी नागपुरात दुकान उभं केलं. सौद्यात आजवर कुणी मला फसवलं नव्हतं. पण लागोपाठ दोन हंगाम माझं धान रानडुकरांनी खाल्लं, आणि डुकरांबद्दल हा माणूस एक अक्षर बोलला नव्हता.

जीपवाल्याशी भाड्यावरून वाजलं, म्हणून त्याने मला फाट्यावरच उतरवलं. पुढे पायी निघालो. दोन्हीकडे पिकत आलेलं धान, मधे शेवाळलेली बोडी (लहान तळं), समोर डोंगरावर किल्ल्याची काळी भिंत. जवळ गेल्यावर दिसलं, की बांधीमागून बांधीत (बांध घातलेला धानाचा तुकडा) पीक आडवं झालंय आणि चिखल नांगरल्यासारखा उकरलाय. शेतातल्या एका माळ्यावर (राखणीच्या मचाणावर) एक म्हातारी भरदुपारी पत्र्याचा डबा बडवत बसली होती.

"आजी, दिवसा कशाला वाजवता?"

"मंग का रातीची वाट पाहू? डुकरं उन्हातही येते जी आता. कोनाले भेतीन ते?"

तुळशीराम अंगणात विळ्याला धार लावत होता. माझा चेहरा पाहून म्हणाला, "या शेठ. भांडाले आले असान त पयले जेवून घ्या. उपाशी मानूस लवकर दमते."

त्याच्या बायकोने भात, लाखोळीच्या डाळीचं वरण आणि वांग्याची भाजी वाढली. जेवण चांगलं होतं, त्यामुळे राग आणखी वाढला. हात धुऊन मी म्हणालो, "डुकरांचं तुम्ही लपवलंत. शेत परत घ्या."

"लपवाले डुकरं होते कुठी? चला, दाखवतो."

माझ्याच शेताच्या कोपऱ्यावर मोहाखाली शेंदूर फासलेला दगड आहे, वाघदेव. पेरणीआधी मालकाने तिथे मूठभर धान ठेवायचं, ही इकडची रीत. शेंदूर ताजा होता.

"या नाल्यात वाघीन राहे," तुळशीराम म्हणाला. "मी जन्मात जागल (रात्रीची राखण) नाही केली. एखादं डुक्कर आलं त आलं. तुमाले शेत इकलं, तवाही ती होती."

"मग गेली कुठे?"

"बाजूच्या लक्ष्मणनं त्या एखाद्या डुकरासाठी तारेत करंट सोडला. डुक्कर वाचलं. त्याच्या मागावर आलेली वाघीन तारेले चिपकली, जागीच मेली." त्याने दगडाकडे बोट केलं. "हा शेंदूर लक्ष्मणच लावते. दर अमावस्येले. तुमी वाटेत पाहिली ना डबेवाली? त्याचीच माय. रातभर तो राखते, दिवसा माय."

नाल्यात चितळांचा कळप आम्हाला पाहूनही हलला नाही. पूर्वी चितळं पाणी पिऊन पळायची, आता तिथंच राहतात. वास्ते (बांबूचे कोंब) जमिनीवर आले की खाऊन टाकतात. बांबूच्या बेटात जुने, वाळके दांडे तेवढे उरले होते.

तरी मी सौदा सोडला नाही. भाव उतरवला, आणखी उतरवला. शेवटी चिडून म्हणालो, "फुकट घ्या."

"फुकट घेऊन जागल कोन करन, शेठ?"

मी फाट्याकडे निघालो. परतीच्या वाटेवर आठवत गेलो: घेताना मी बांध पायांनी मोजला होता, माती हातावर चोळली होती, विहिरीत वाकून पाहिलं होतं. नाल्यातली राखण मात्र भावात धरली नव्हती, मी नाही आणि विकणाऱ्यानेही नाही. माझा राग अजून तसाच आहे. तो कुणावर काढायचा, तेवढं कळत नाही.

फाट्याला पोचेपर्यंत म्हातारीचा डबा ऐकू येत होता. माझ्या शेतात डबा वाजवायलाही कुणी नव्हतं.