मुठीवर न आलेला गरुड

महाराजांच्या शिकारखान्यात मी ससाणे सांभाळायचो. रानातला पक्षी धरायचा, माणसाळवायचा आणि हातावरून शिकारीला सोडायचा, उभा जन्म ह्यातच गेला. त्यामुळं एवढीशी नात कोल्हापूरला आणायची, त्यात काय अवघड हाय, असा माझा ताठा होता.

लेक कोकणात दिली होती, मालवणच्या पुढं खाडीकाठी. ती पहिल्याच बाळंतपणात गेली. पोर काकीनं वाढवली आणि काकीलाच आई म्हणू लागली. आठ वर्षांची झाली तेव्हा माझी बायको हटूनच बसली. "पोरीला घेऊनच या," म्हणाली. व्याही भला माणूस. "पोर येते म्हणाली तर न्या, आमची ना नाही," एवढंच बोलले.

पण पोर माझ्याशी बोलेचना. मग म्हटलं, चल, तुमची पाखरं तरी दाखव. तेव्हा कुठं ती निघाली. सकाळपासून तिनं मला किनाऱ्यावर हिंडवलं. पाण्यावर घिरट्या घालणारे पांढरे कुरव दाखवले, चिखलात लांब चोच खुपसणारे कोरल दाखवले. मी शिकारखान्यातला माणूस. दिसेल त्या पाखराला विचारायचो, ह्ये खात्यात काय? शेवटी ती वैतागली. "खाऊचे नाय, बघूचे," म्हणाली.

दुपारी पांढऱ्या पोटाचा एक मोठा गरुड खाडीवर खाली आला आणि माझा हात आपोआप वर गेला. मूठ वळून मी शीळसुद्धा घातली. जन्माची खोड, जाते व्हय? गरुड कशाला येतोय. पोर हसता हसता वाळूत बसली.

मग मला चेव आला. सगळं सांगत सुटलो. पक्षी धरला की डोळ्यांवर टोपी घालायची, पायात वादी बांधायची. झोपू द्यायचं नाही, उपाशी ठेवायचं आणि मग आपल्याच हातानं मांसाचा तुकडा द्यायचा. पुढं तो दुसऱ्या कुणाला ओळखत नाही.

"आणि त्येची आवस?" तिनं विचारलं.

"आई व्हय? ती ऱ्हाती की रानातच," म्हणत मी कनवटीचा गुळाचा खडा तिच्यापुढं धरला.

तिनं खड्याकडं बघितलं आणि दोन्ही हात पाठीमागं नेले. "माका पण तसाच नेतलात?"

मला राग आला, पोरीचा नव्हे, स्वतःचाच. "न्हाय," म्हटलं. "तुला इचारून न्हेणार."

"मगे विचारा."

विचारलं. नको म्हणाली. तोंडावर, आढेवेढे न घेता. आमच्याच रक्ताची.

मी एकटाच घाट चढून परत आलो. वाटेत फार वाईट वाटलं, डोळे पुसले, ते कुणाला सांगितलं नाही. बायको दारात उभी होती. माझ्या मागं कुणी दिसेना तशी तिचा चेहरा उतरला.

"पोरगी कुठाय?"

"बरी हाय," मी म्हणालो. "आईजवळ हाय."