खोगीरवाल्याचे आईवडील

रिकाम्या रकान्याचा मुग्धाच्या बाबांइतका हाडवैरी पृथ्वीच्या पाठीवर दुसरा झाला नसेल. मुग्धा माझी मैत्रीण, इथे जपानात ग्योतोकुला आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहते. आई गेल्यावर तिने बाबांना पुण्याहून इकडे आणलं. बाबांची सगळी हयात भूमी अभिलेख खात्यात गेलेली. ते खात्यातून निवृत्त झाले, पण खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. आल्याच्या आठवड्यात त्यांनी इमारतीतल्या कचऱ्याच्या वेळापत्रकाचं मराठी भाषांतर केलं, जळणारा, न जळणारा, बाटल्या असे रकाने आखले आणि तळाला 'खरी नक्कल' असं लिहून सही ठोकली. कुणीही भेटलं की नाव, गाव, वडील, आजोबा, पणजोबा अशी चौकशी व्हायचीच. माझ्या नवऱ्याला पणजोबांचं नाव सांगता येईना, तेव्हा बाबांनी त्याच्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की त्याने त्याच दिवशी सासूबाईंना फोन लावला.

मुग्धाचा नवरा मार्टिन इंग्लंडचा, इथल्या एका कॉलेजात शिकवतो. तिने त्याच्याशी लग्न केलं तेव्हा बाबा दोन वर्षं तिच्याशी बोलले नव्हते. आता एका छपराखाली राहायचं म्हणजे बोलणं भागच होतं, पण बाबांचं इंग्रजी पडलं कचेरीतलं. चहा हवा असला की 'चहाबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी' अशा थाटाचं वाक्य यायचं, आणि मार्टिनही तितक्याच अदबीने 'कार्यवाही पूर्ण झाली आहे' असं कळवून कप पुढे ठेवायचा. बाबा त्याला मार्टिनराव म्हणत. जावयाचा मान म्हणजे मान. पण त्यापलीकडे दोघांत काही नव्हतं. सात वर्षांची एमी मधे बसून आजोबांच्या मराठीला जपानीत उत्तरं द्यायची, तेवढाच काय तो घरातला संवाद.

अशात बाबांच्या कुळवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची ठरली आणि समितीकडून फॉर्म आला. जावयाचं मूळ गाव, जावयाच्या घराण्याचा मूळपुरुष. मार्टिनकडे त्याच्या आईने मरण्यापूर्वी लिहून दिलेला एक कागद होता. त्यावर सात-आठ नावं, सगळ्यात वर अठराव्या शतकातला कुणी थॉमस, धंदा खोगिरं शिवण्याचा. त्याच्या वर काहीच नाही. "वर कुणीतरी असेलच," असं म्हणून मार्टिन कॉफी करायला गेला. बाबांना मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. "माझ्या नातीच्या एका बाजूला चौदा पिढ्या," ते मला म्हणाले, "आणि दुसऱ्या बाजूला काय, एक खोगीरवाला आभाळातून पडला?"

त्या दिवसापासून बाबा थॉमसरावांच्या मागे लागले. इंग्लंडातल्या चर्चच्या जुन्या वह्यांचे फोटो इंटरनेटवर मिळतात, हे मुग्धाने त्यांना दाखवलं आणि मग पस्तावली. पडद्यावर वाचलेलं बाबांना वाचल्यासारखं वाटत नसे, त्यामुळे कोपऱ्यावरच्या कोंबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, झेरॉक्स मशीनवर ते रोज सकाळी पानं काढायला उभे राहत. मागे रांग लागायची. हे आजोबा म्हातारपणी कसल्याशा मोठ्या परीक्षेला बसलेत, असा दुकानाच्या मालकीणबाईंचा समज झाला. त्यांनी मशीनशेजारी एक स्टूल आणून ठेवलं आणि येता-जाता 'गान्बात्ते' म्हणून धीर द्यायला लागल्या. पाद्र्यांचं अक्षर असं की मार्टिनला स्वतःच्या मातृभाषेतली ओळ लागेना. बाबा घडाघडा वाचत. "तीस वर्षं तलाठ्यांचं अक्षर वाचलंय," ते म्हणायचे, "हा पाद्री तर सुवाच्य आहे." एमी भिंग घेऊन शेजारी बसायची. तिला थॉमस एवढंच ओळखता यायचं, आणि दिसला की ती "इता, इता," म्हणून पानावर बोट आपटायची. म्हणजे 'हा बघा, सापडला.' थॉमस नावाची माणसं त्या मुलखात इतकी, की दिवसाला दहा-बारा सापडत.

शेवटी पाहिजे तो सापडला. पीठगिरणीवाल्याचा मुलगा, साल जुळतं, गाव जवळचं. गिरणीवाला म्हणजे गावातलं मातब्बर घराणं, असा निकाल देऊन बाबांनी गणपतीत आरतीनंतर ही बातमी जाहीर केली. ओजिमा आणि उरायासुहून आलेल्या मराठी मंडळींना स्वतःच्या हाताने रव्याचे लाडू वाटले. लोक मार्टिनचं अभिनंदन करत होते आणि तो कशाबद्दल ते न कळून जपानी पद्धतीने वाकत होता. सासऱ्याने जावयाच्या खांद्यावर हात ठेवलेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

पुढच्याच आठवड्यात बाबा फाईल घेऊन आमच्याकडे आले आणि पाणीसुद्धा न पिता बसून राहिले. दफनाच्या वहीत त्यांना गिरणीवाल्याचा थॉमस पुन्हा भेटला होता. दोन वर्षांचा होऊन वारलेला. आमचा थॉमस शेजारच्या गावचा निघाला. आईचं नाव मेरी, बापाचा रकाना कोरा. त्याच मेरीच्या पोराला गावाने धर्मादायातून खोगीरवाल्याकडे उमेदवारीला लावलं, असा कागदही मिळाला होता. शंकेला जागाच नव्हती. मी म्हटलं, "बाबा, गिरणीवालाच राहू द्या. कोण तपासायला जातंय?"

"मेलेल्या पोराच्या नावावर वारस लावू?" ते शांतपणे म्हणाले. "अख्ख्या नोकरीत केलं नाही ते." मग फाईल मिटून म्हणाले, "पण त्या माणसाला मी चारचौघांत वर चढवलं गं. आता खाली कसा उतरवू?"

आपलं इंग्रजी या कामाला पुरणार नाही, असं त्यांनाच वाटलं, म्हणून रविवारी सकाळी दुभाषी म्हणून मला सोबत नेलं. मार्टिन कपडे वाळत घालत होता. बाबांनी 'कळविण्यास खेद होतो' इथून इंग्रजीत सुरुवात केली आणि तिथेच अडकले. पुढचं मी सांगितलं. मार्टिनने हातातला शर्ट नीट चिमटा लावून टांगला आणि आत येऊन बसला.

"माझ्या जन्माच्या दाखल्यावरही वडिलांचा रकाना कोराच आहे," तो म्हणाला. "आडनाव आईचं. लग्नाच्या वेळी तुम्हाला सांगू नकोस, असं मीच मुग्धाला म्हटलं होतं. तुम्ही आधीच रागावला होतात."

हे मात्र बाबांना भाषांतराशिवाय कळलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मुग्धा दारात ओल्या हातांनी उभी होती. मग बाबांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं.

"मार्टिनराव, आईंचं नाव सांगा. स्पेलिंगसकट."

नाव झालं, गाव झालं. मग त्या काय करत, कुठे राहत, यांना एकटीने कसं वाढवलं, असं बाबा विचारत गेले. ती शाळेचे गणवेश शिवायची, असं मार्टिन म्हणाला, आणि पुढे तासभर तो आईबद्दल बोलत राहिला. मुग्धा म्हणते, इतकं तर तो तिच्याजवळही कधी बोलला नव्हता. दुभाष्याची कुणाला आठवणही राहिली नाही, म्हणून मी उरलेले कपडे वाळत घातले.

बाबांनी फॉर्ममध्ये मेरीचं नाव भरून तो पाठवला. मूळपुरुषाच्या रकान्यात बाईचं नाव चालणार नाही, असा समितीच्या चिटणीसांचा पुण्याहून फोन आला. बाबा म्हणाले, मग रकान्याचं नाव बदला. प्रकरण अजून विचाराधीन आहे.

सर्वपित्री अमावास्येला मी खीर द्यायला वर गेले, तर बाबा गॅलरीत काळे तीळ घेऊन तर्पणाला बसले होते. पाण्याचं भांडं धरून मार्टिन मागे उभा. मेरीचं गोत्र काय, असं त्याने विचारलं. "ज्यांचं गोत्र ठाऊक नाही त्यांचं काश्यप," बाबा म्हणाले. "शास्त्रात सोय आहे." तेव्हा काश्यप गोत्रातल्या मेरीला ग्योतोकुत पाणी मिळालं, मग मार्टिनच्या आईला मिळालं. शेवटी बाबांनी ओंजळ धरली ती स्वतःच्या बायकोसाठी, आणि नाव काही त्यांच्या तोंडून फुटेना. ओठ नुसते हलत होते, तीळ बोटांतून गळायला लागले होते.

"सुमटी," मार्टिन मागून हळूच म्हणाला.

उच्चार दुरुस्त न करता बाबांनी पाणी सोडलं.